रास्नेच्या मुळात कोण राहतं

रविकुमारला मी पहिली हाक मारली ती आमच्या गायीसाठी. लोकांच्या ओळखी बसस्टँडवर होतात, लग्नात होतात, कॉलेजात होतात. माझी झाली ती गोठ्यासमोर, आणि तीसुद्धा मी त्याला भलताच माणूस समजल्यामुळे.

दोन हजार आठचा सप्टेंबर होता. मूग-उडीद निघाले होते, तूर कमरेला लागत होती. आमची देवणी गाय सकाळपासून दावं ओढून हंबरत होती. आमच्या भागात गायी भरवायला सरकारी दवाखान्यातला हावगेप्पा येतो. त्याला मी दोनदा फोन लावला, लागला नाही. आमच्या चिंताकी गावात तेव्हा रेंज हवी असेल तर मारुतीच्या ओट्यावर चढावं लागे. एवढ्यात कमलनगरकडून एक मोटरसायकल येताना दिसली. मागे दोरीनं बांधलेला ॲल्युमिनियमचा डबा, पोट मोठं, मान अरुंद, वर जाड बूच. तो डबा आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. त्यात नायट्रोजनचं धूर सोडणारं गारेगार पाणी असतं आणि त्या पाण्यात वळूचं बीज.

मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"थांबा! गाय माजावर आलीया. तुमी कुठं निघालाव पुढं?"

त्यानं करकचून ब्रेक दाबला. सावळा, किडकिडीत, चष्म्यावर बोटभर धूळ. "मला म्हणताव का अक्का?"

"दुसरं कोण हाय हितं? सकाळधरनं हंबरायलीय ती. हावगेप्पाच्या जागी आलाव न्हवं?"

तो आधी काही समजला नाही. मग समजला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "अक्का... माझ्याकडं तसलं काय न्हाई री."

"मग डब्यात काय हाय?"

"नायट्रोजन."

"ते कळतंय मला. नायट्रोजनमदी काय हाय?"

"अजून कायच न्हाई. मुळं घालायची हाईत. आंब्यावर रास्ना असती बघा, तिची. चिंताकीत हाय म्हणून ऐकलंय. कुठल्या आंब्यावर हाय ते दावता का?"

रास्नेचं नाव ऐकताच मी सावध झाले. "चिंताकीत आंबाच न्हाई," मी म्हणाले.

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. पलीकडे, शंभर पावलांवर, आमचा आंबा उभा होता आणि त्याच्या फांदीवरून, मातीशिवाय तिथंच जगणाऱ्या रास्नेची करडी मुळं लोंबत होती. तो फक्त "बरं री," म्हणाला आणि गाडीला किक मारली. जाताना हसल्यासारखं वाटलं... पण खात्री नव्हती, आणि खात्री नसली की मी वाईटच धरते.

असं धरायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी दोन माणसं आली होती. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, तोंडात "संशोधन". औषधी झाडांची नोंद करायची आहे ताई, जरा दाखवता का? गावातले सगळे आंबे त्यांना मी फिरून दाखवले. मीच. वर चहा पाजला. चौथ्या दिवशी ते पोती घेऊन आले आणि सगळ्या आंब्यांवरची रास्ना मुळासकट ओरबाडून टेम्पोत घालून गेले. आमच्या आंब्यावर तेव्हा आग्यामोहोळ होतं, म्हणून तेवढी एक वाचली.

माझी आई कोंडाबाई रास्नेच्या मुळीचा लेप देते. गुडघे धरून बसलेली माणसं औरादहून, उदगीरहून तिच्याकडे येतात. त्या दिवसापासून ती निम्म्यांना हात जोडून परत पाठवू लागली. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वडील मी शाळेत असतानाच गेले, भाऊ माउली पुण्याला कंपनीत लागला. शेत, गाय आणि पाठीवरचा फवारणीचा पंप, सगळं माझ्याकडे आलं. त्यात त्या शेवटच्या रास्नेची राखणही माझ्याकडेच होती. गोड बोलणाऱ्यांशी मी तेव्हापासून फटकूनच वागायचे, आणि चष्मेवाला असेल तर जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी तो हावगेप्पाला घेऊनच आला. हावगेप्पानं गाय भरवली, हात धुतले आणि आईला सांगितलं, "कोंडाबाई, हा रविकुमार. अफजलपूरचा, आपल्यातलाच पोरगा हाय. गुलबर्ग्याला पीएचडी करायलाय. डबा माझ्याच आफिसातला हाय. खोटा निघाला तर माझी मान धरा."

"मान कशाला, डबाच ठेवून घेऊ," मी म्हणाले.

आईनं मला गप्प केलं आणि त्याला आंब्याखाली नेलं. आमच्या घरात मुळी काढायची रीत आहे. घेणाऱ्यानं झाडाला हळद-तांदूळ वाहायचे, आपलं नाव-गाव मोठ्यानं सांगायचं आणि कुणाच्या दुखण्यासाठी नेतोय त्या रोग्याचं नाव घ्यायचं. खोटं नाव घेतलं तर मुळी लागू पडत नाही, असं आई म्हणते.

रविकुमारनं तांदूळ वाहिले, नाव-गाव सांगितलं आणि अडला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता सापडला.

"अव्वा, रोगी न्हाई कोण," तो शेवटी म्हणाला. "ही रास्ना जगती कशी, ते मला कळत न्हाई. चार वर्षं झाली, कळत न्हाई. त्याच्याच पायी झोप उडालीय."

आई म्हणाली, "मग सोताचंच नाव घे. तूच रोगी."

तीन मुळ्या आणि एक शेंग न्यायची परवानगी मिळाली, तीही महिनाअखेरीला, शेंग पिकल्यावर. तोवर रोज येऊन बघायचं, मोजायचं, हात लावायचा नाही. आई फसली असं मला वाटलं. मी विळा घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून आंब्याखाली गवत कापायला बसले.

"रोज हितंच गवत कापता का री अक्का?" तिसऱ्या दिवशी त्यानं शिडीवरून विचारलं.

"गवत हितंच उगवतंय."

"काल पण हितलंच कापलाव की. आज कुठनं आलं?"

"तुमाला गवताचं काय करायचंय? मुळं मोजा."

तो मोजायचा. दोऱ्यानं, वहीत लिहीत, जिभेचं टोक दातात धरून. एकदा तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी ती वही उघडून बघितली. आकडे, कानडी अक्षरं, मुळांची चित्रं. एका पानावर अख्खा आंबा काढला होता आणि बुंध्याशी एक बाई विळा घेऊन बसलेली. नाक जरा जास्तच मोठं काढलं होतं. वही जागेवर ठेवली खरी, पण दिवसभर डोक्यात तेच. हा माझीही नोंद करायलाय? कशासाठी?

एके दुपारी त्यानं झाडाखाली गळून पडलेली गेल्या वर्षीची वाळकी शेंग माझ्या तळहातावर झटकली. पिवळट पूड पडली, बोटाला पीठ लागावं एवढी.

"हे बी हाय. हजारोंनी."

"हे? फुंकलं तर जाईल की."

"जातंयच. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी पीठ असतंय, वाटंची शिदोरी. हिच्या बीत कायच न्हाई री. उपाशी पोटी निघतंय. मग एक बुरशी त्याच्या आत शिरती, तिच्या धाग्यांतनं साखर मिळती, तवा कुठं ते रुजतंय."

"बुरशी? बुरशी म्हंजे रोग. आमी फवारताव तिच्यावर."

"तीच तर गंमत हाय!" तो भराभर शिडी उतरून खाली बसला. त्याला कुणी हे विचारलं की त्याचं असं व्हायचं. "रोगाची बुरशी आणि ही बुरशी, दोघींचं अंग एकाच मालाचं. पेशीच्या दारावर पहारेकरी असतात, प्रथिनं. बुरशीच्या अंगाचा कण हाताला लागला की ते बोंब ठोकतात. आत जनुकं जागी होतात, भिंत जाड होती, विष तयार होतंय. मग ही एकटी आत जाती कशी? दुसऱ्या झाडांत सापडलंय, की मैतर असलेली बुरशी आधी बारीक रेणू सोडती. ते दाराला लागले की पेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात, ठराविक तालात. मग दार उघडतंय. रास्नेत काय होतंय ते कुणाला धड म्हाईत न्हाई. झाड तिला वळखून घेतंय, का नाइलाजानं घेतंय... तेवढंच बघायचंय मला."

"वळख पटती कशी, ते."

"व्हय री. बरोब्बर."

"आणि पटल्यावर? गोडीनं ऱ्हातेत?"

त्यानं डोकं खाजवलं. "तसं बी न्हाई. बुरशी पेशीत धाग्याची गुंडाळी करून बसती. काही दिवसांनी झाड त्या गुंडाळीला पचवून टाकतंय."

"घरात घेऊन खातंय?"

"खातंय. आणि ती परत येती. त्याच पेशीत."

"लाज न्हाई व्हय तिला?"

"नसंल," तो म्हणाला. मुळाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होता. "आवडत असंल तिला तिथं."

मी विळा असा ओढला की शेजारची तुरीची फांदीच हातात आली.

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली. हवेत लोंबणाऱ्या मुळांत बुरशी जवळजवळ नसतेच. जी मुळं सालीला घट्ट चिकटतात, त्यांच्यातच ती असते. "लांबलांबनं कायच जमत न्हाई बघा," तो म्हणाला. "काही काही लोकं लांबच बरी," मी म्हणाले. पण त्या दिवशी त्याच्या हातातला दोरा धरायला मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले होते, आणि त्याच्या शर्टाला औरादच्या लॉजवरच्या साबणाचा वास येत होता. हे माझ्या लक्षात राहिलं याचाच मला राग आला.

मग एक दिवस तो म्हणाला, "भाग्यलक्ष्मी, जरा टोक धरता का?"

मी टोक धरलं. संशयी माणसाचे कान तिखट असतात. "आज अक्का कुठं गेली?"

"कोण जाणे," तो दोऱ्याकडे बघत म्हणाला. "दोन दिवस झालं, तोंडात येईना गेलीय."

महिनाअखेरीला त्यानं मुळ्या काढल्या. कापली की चिमट्यात धरायची आणि तडक डब्यात, पांढरा धूर उसळायचा. एवढी घाई का, विचारलं तर म्हणाला, त्या घडीला पेशीत कुठली जनुकं जागी आहेत त्याच्या चिठ्ठ्या असतात, आरएनए म्हणतात, मुळी कापली की भराभर पुसल्या जातात. गोठवल्या तर टिकतात. तिसऱ्या मुळीचा अर्धा तुकडा मात्र त्यानं गोठवला नाही. ओल्या कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

"हा कामून खिशात?" मी लगेच विचारलं.

"हिच्यातली बुरशी जित्ती पाहिजे. काचेच्या बशीत वाढवायची, मग तिच्यासंगं बी पेरायचं. येळवशीच्या सणाला येतो, रुजलेलं बी घेऊन. तुमाला आणि अव्वांना दावतो."

"येतो म्हणणारे लई बघितलेत मी."

"बघितले असतील. आता मला बघा की."

तो गेला. त्यानंतर चौथ्या दिवशी हस्ताचा पाऊस लागला, दोन दिवस झोडपून काढलं. उघडीप पडल्यावर मी आंब्याकडे गेले तर मुळी कापली होती त्या जागी सालीवर पांढरं, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं.  बुरशी! ह्यानंच लावली असणार, त्याच्या चिमट्यानं. घरी जाऊन मी बुरशीवर मारायचा निळा मोरचूद भिजवला, पंप पाठीवर घेतला आणि फांदी निळी होईपर्यंत फवारलं. चार दिवसांनी पुन्हा एकदा, खात्रीसाठी. घर सांभाळणारी मुलगी दुसरं काय करते? पांढरं दिसलं की फवारायचं, हे मला कुणी शिकवावंही लागलं नव्हतं. ते जाळं गेलं, मी निर्धास्त झाले, आणि आईला सांगायचंही मला सुचलं नाही.

दिवाळीपर्यंत रास्नेची पानं पिवळी पडली. मुळं काळी पडून आक्रसू लागली.

मी मारुतीच्या ओट्यावर चढून त्याला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. पंधरा दिवस मी रोज त्या ओट्यावर चढत होते आणि रोज तीच बाई कानडीत फोन बंद आहे म्हणून सांगत होती. त्या दोन माणसांचाही नंबर असाच बंद लागायचा. मग माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. खिशातला तुकडा, वहीतले आकडे, ते दोन दिवसांत हरवलेलं अक्का. काहीतरी लावून गेला, झाड मेलं की मूळ वाण एकट्या त्याच्या बशीत. एवढं सगळं पटत होतं, तरी रोज ओट्यावर चढताना मी केस नीट करत होते. हे मात्र कुठेच जुळत नव्हतं.

"झाड वाळायलंय का तू?" आईनं एकदा विचारलं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी सांगितलं, "गुलबर्ग्याला चाललेय. भांडायला."

"डबा ने," आई म्हणाली. बिदर सोडल्यावर बसमध्ये मी तो उघडून बघितला, तर भाकरी दोघांना पुरतील एवढ्या होत्या.

विद्यापीठात विचारत विचारत त्याची खोली सापडली तेव्हा दुपार झाली होती. तो पाठमोरा, काचेच्या बाटल्यांच्या फळीसमोर. दाढी वाढलेली. वळला, मला बघितलं आणि हातातलं झाकण खाली पडलं.

"भाग्यलक्ष्मी..."

"फोन कामून बंद हाय?"

त्यानं खण उघडून मोबाईल काढला. दोन तुकडे होते. "नायट्रोजनच्या डब्यात पडला री. वाकलो, आणि खिशातनं... समदे नंबर त्यातच व्हते."

"हावगेप्पाला इचारता आलं असतं."

त्यानं खण लोटून बंद केला. "आलं असतं."

"मग?"

"बी रुजंना झालतं. साठ बाटल्या लावल्या. येळवशीला रुजलेलं दावतो म्हणून बसलो तुमास्नी. रिकाम्या हातानं काय तोंड दावू?"

हे खरं वाटलं, म्हणूनच मी आणखी चिडले. "हिकडं रास्ना मरायलीय. काय लावून आलाव तिला?"

 पानं खालची का वरची? मुळं काळी का तपकिरी? कधीपासून? तो एकामागून एक विचारत सुटला. "दुसरं काय झालं का? कुणी फवारलं बिवारलं?"

"न्हाई," मी म्हणाले. का म्हणाले, मला तेव्हाही कळलं नाही.

आमच्या आंब्यावरून नेलेल्या मुळीचा काप दाखवायला त्यानं मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. मी एक डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग हळूहळू मुळाच्या पेशी दिसल्या, वीटकामासारख्या ओळीनं. त्यानं निळा रंग दिला होता. एका पेशीत निळ्या सुताचं दाट गुंडाळं होतं, भिंतीला भिंत लावून बसलेलं. शेजारच्या पेशीत त्याच गुंडाळ्याचा चोथा, आणि त्या चोथ्याच्या कडेनं पुन्हा एक नवा धागा आत आलेला.

"परत आली," माझ्या तोंडून निघालं.

"व्हय," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आणि हे बघा." त्यानं फळीवरची एक बाटली उचलली. तळाशी राजगिऱ्याच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके होते, दहा-बारा. "साठात एक. परवा फुटलेत. बाकीच्या एकोणसाठांत दुसरीकडनं आणलेल्या बुरशा घातल्या. एकीचं बी जमलं न्हाई. हिच्यात तुमच्या आंब्यावरची घातली, त्या खिशातल्या तुकड्यातली, एकाच बाटलीपुरती जगली व्हती ती. हिला तीच पाहिजे. तेवढी आंब्यावर हाय म्हणून मला धीर व्हता."

 निळी फांदी डोळ्यांसमोर आली.

"ती आंब्यावर न्हाई," मी म्हणाले. "मी फवारलं. मोरचूद. मघा खोटं बोलले."

त्यानं चष्मा काढला. "किती?"

"दोनदा."

"दोनदा?"

"खात्रीसाठी." आणि मला रडू फुटलं. "ती माणसं पोती भरून घेऊन गेली, तवा एक तरी उरली व्हती. ती मी माझ्या हातानं... आणि दोष तुमाला द्यायला इतक्या लांब आले."

तो रागावेल, निदान जा म्हणेल, असं वाटलं होतं. त्यानं कागद ओढला. "पंपाला किती ग्रॅम घातलाव? पाऊस कधी झाला मग?" मी हुंदके देत सांगत होते, तो लिहीत होता. शेवटी म्हणाला, "मोरचुदानं मुळं पोळलीत. रोज साध्या पाण्यानं साल धुवा, थेंब थेंब निघून गेला पाहिजे. बुडख्यात जीव असला तर नवी मुळी फुटंल. न्हाई फुटली तर... न्हाई फुटली." खोटा धीर त्यानं दिला नाही. त्या क्षणी माझा त्याच्यावरचा निम्मा संशय गेला.

मग आईच्या डब्यातल्या भाकरी आम्ही त्याच टेबलावर खाल्ल्या. खाताना त्यानं सांगितलं, गोठवलेल्या चिठ्ठ्या वाचून झाल्या. "मला वाटलं व्हतं, बुरशी आत आली की पहारेकरी झोपलेले सापडतील. न्हाई री. आवाज बारीक करतात, पण जागेच असतात. संशय धरूनच रास्ना तिला घरात ठेवती, आणि तशीच जगती."

"मग बरोबरच करती ती."

"मी कुठं चूक म्हणलं?"

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. फवारलेलं, आणि तीन वर्षांपूर्वीचंही, जे तिला माहीत होतं पण मी कधी तोंडानं बोलले नव्हते. ती तांदूळ निवडत होती. "तवा बी तू चांगल्यापायीच दावलीस, आता बी चांगल्यापायीच फवारलीस," ती म्हणाली. "घागर घे. ऊन चढायच्या आत धू."

महिनाभर मी रोज पाच घागरी त्या फांदीवर रिचवल्या. पानं गळत गेली, तीन उरली. येळवशीच्या आदल्या दिवशी, वरच्या पानाच्या बगलेत, नखाएवढं हिरवं टोक दिसलं. हात लावायचा धीर झाला नाही. नुसतीच बघत उभी राहिले.

येळवस म्हणजे आमच्याकडे मार्गशीर्षातली अवस, अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून पूजा झाली, भज्जी म्हणजे मिसळभाजी आणि उंडे म्हणजे बाजरीचे गोळे, त्यांची टोपली उघडली, आंबिलीचा माठ सावलीत ठेवला. बांधाबांधावरून लोक एकमेकांना जेवायला हाका मारत होते. मी मात्र कमलनगरच्या रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि मोटरसायकलचा आवाज सगळ्यांच्या आधी मलाच आला.

रविकुमार दाढी करून आला होता. आधी आईच्या पाया पडला, मग सरळ शिडी लावून आंब्यावर. हिरवं टोक बघून वरूनच ओरडला, काय ते कानडीत होतं. सोबत आणलेल्या सालीच्या तुकड्यांवर त्यानं ती बुरशी वाढवली होती. ते तुकडे नव्या मुळीच्या वाटेवर सुतळीनं बांधले. मी खालून सुतळी देत होते. खाली उतरल्यावर त्यानं ती बाटली काढली, हिरव्या ठिपक्यांची. ठिपक्यांना आता एकेक बारीक पान फुटलं होतं.

"झाडाला लावायची ती बुरशी लावली. बाकी हिच्यात हाय. तिसरीकडं कुठंच न्हाई," तो म्हणाला. "ही तुमच्याकडं ठेवा."

"माझ्याकडं? तुमच्या सरांनी सोडली कशी?"

"सर ओरडायलेत. मी हट्टानं आणली."

"अवो, मी मारलीय ती. ह्याच हातानं."

"ठाव हाय. म्हणून तर तुमच्याच हातात द्यायलोय. तुमच्याएवढं तिला जपणारं आता दुसरं कोण हाय?"

"आणि माझ्या हातनं परत कायतरी झालं तर?"

"तर परत बघू. दोघं मिळून बघू." तो थांबला. चष्मा पुसला, पुन्हा घातला. "भाग्यलक्ष्मी, झाड जगलं तरी आणि न्हाई जगलं तरी... तुमी मला आवडता. तेवढं सांगायलाच आलतो. अव्वांना इचारायचं धाडस होईना गेलंय, आधी तुमी सांगा."

पलीकडच्या बांधावर कुणीतरी आंबील पिऊन हसत होतं. 

"माझा अजून तुमच्यावर पुरता इश्वास न्हाई," मी म्हणाले.

"नसू द्या."

"मी रोज इचारीन. कुठं व्हता, फोन कामून लागंना, डोक्यात काय चाललंय."

"रोज सांगीन."

"खरं सांगताव का बघीन."

"बघा की."

"मग... मला बी तुमी आवडता," मी एका दमात म्हणून टाकलं, आणि त्याच्या हातातून बाटली घेतली. त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा वेळ राहिली. थंडीच्या दिवसांतही काच ऊबदार होती, सगळी वाट त्यानं ती शर्टाच्या आत ठेवून आणली होती.

"भागू!" आईनं कोपीतून हाक मारली. "आंबील घ्या म्हणावं त्यास्नी. आणि हातात काय हाय गं तुझ्या?"

"माझ्यावर सोपवलंय," मी म्हणाले.

आईनं आम्हा दोघांना शेजारी शेजारी वाढलं. सगळे म्हणाले, बाटली खाली ठेव, नीट जेव. मी ठेवली नाही. डाव्या हातानं ती पोटाशी धरली आणि उजव्या हातानं जेवले.